तिसऱ्या मुलाचं दुःख

एक मुलगा बरेच दिवस शाळेत येत नाही. येतो तेव्हा त्याचे काळेभोर केस पांढरे झालेले असतात. गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा असं झालं, एवढंच तो सांगतो. एक मुलगी इतर मुलींसमोर कपडे बदलायला तयार नसते. शेवटी तिला भाग पाडलं जातं, तेव्हा तिच्या अंगभर जन्मखुणा दिसतात. त्या कशामुळे, हे तिला सांगता येत नाही. त्या पहिल्यापासून आहेतच. तिसऱ्या मुलाच्या अंगावर दाखवण्यासारखं काही नाही. शाळा सुटली की आईवडिलांनी त्याला थेट घरी यायला लावायचं, इतकंच. आणि ते त्याला ज्या चर्चमध्ये नेतात तिथे माणसं अंगात आल्यासारखी थरथरतात, जमिनीवर लोळतात. पहिल्या दोघांना याच्याकडे बघून बरं वाटतं. आपल्यापेक्षा वाईट नशिबाचं कुणीतरी आहे.

ही गोष्ट एका पॉप गाण्यातली आहे. कॅनडातल्या विनिपेग शहरातल्या 'क्रॅश टेस्ट डमीज' या बँडने ते १९९३ मध्ये केलं आणि पुढचं वर्षभर ते जगभर वाजत राहिलं. त्याचं नाव 'म्म्म म्म्म म्म्म म्म्म'. ध्रुवपदाच्या जागी शब्दच नाहीत, नुसतं मिटल्या ओठांचं गुणगुणणं आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघर केबल आली तेव्हा इंग्रजी गाण्यांच्या वाहिन्यांवरून ते माझ्याही कानांवर पडलं. तेव्हा कळला तो फक्त आवाज: खर्जातला, जमिनीखालून आल्यासारखा. शब्द नीट कळायला बराच काळ गेला आणि कळल्यावर मात्र ते गाणं डोक्यातून जाईना.

कारण या तीन मुलांची रांग सहज लावलेली नाही. पहिल्याचं दुःख अपघाताने आलेलं, त्याला निदान कारण आहे. दुसरीचं जन्मासोबत आलेलं, त्याला कारण नाही, पण ते निसर्गाने दिलं असं म्हणून गप्प बसता येतं. तिसऱ्याचं दुःख त्याला घरच्यांनीच दिलेलं आहे, तेही प्रेमाने, श्रद्धेने. ते दिसत नाही, म्हणून कुणी दया दाखवत नाही. गीतकाराने सगळ्यात वाईट ठरवलं ते हेच दुःख. आणि एवढं सांगून झाल्यावर, जिथे दुसऱ्या कुणी तात्पर्य सांगितलं असतं, तिथे तो तोंड मिटून घेतो.

हा गीतकार-गायक म्हणजे ब्रॅड रॉबर्ट्स. विनिपेगच्या विद्यापीठात इंग्रजी साहित्य आणि तत्त्वज्ञान शिकलेला. शहरातल्या 'ब्लू नोट' नावाच्या कॅफेत तो गिऱ्हाइकांना दारू ओतून द्यायचं काम करत असे, आणि हौसेखातर गाणाऱ्या मित्रांच्या टोळक्यातून हळूहळू बँड उभा राहिला. धाकटा भाऊ डॅन बास गिटारवर, एलन रीड पियानो, अकॉर्डियन आणि दुसऱ्या आवाजाला, बेंजामिन डार्विल माउथ ऑर्गन आणि मँडोलिनवर, मिच डॉर्ज ड्रमवर. गाड्यांची सुरक्षितता तपासताना मुद्दाम आदळवायच्या गाडीत जे पुतळे बसवतात, त्यांचं नाव त्यांनी घेतलं. मार खाण्यासाठीच घडवलेल्या बाहुल्यांचं नाव. पुढे ते फारच खरं ठरलं, पण त्याकडे नंतर येतो.

विनिपेग हे मॅनिटोबा प्रांतातलं, सपाट गवताळ प्रदेशातलं शहर. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. टोरांटो, मॉन्ट्रियल, न्यूयॉर्क, सगळंच लांब. तरी गाण्याच्या बाबतीत या गावाचं नाव आधीपासून होतं. नील यंग किशोरवयात इथेच वाढला. 'द गेस हू' हा इथलाच बँड १९७० मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. गावाबाहेरच्या बर्ड्स हिल पार्कमध्ये १९७४ पासून लोकसंगीताचा महोत्सव भरतो. लांब हिवाळा, घरात बसून वाजवायची सवय आणि उन्हाळ्यात तो महोत्सव, अशा मातीत ही मुलं वाढली.

कॅनडाच्या कलावंतापुढचा पेच मात्र विनिपेगपुरता नव्हता. १९९१ च्या जनगणनेत त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या सुमारे पावणेतीन कोटी होती. त्याच वर्षी एकट्या महाराष्ट्राची जवळपास आठ कोटी. शेजारी अमेरिका, भाषा तीच, रेडिओच्या लहरींना सीमा नाही. घरचं गाणं घरच्या रेडिओवर ऐकू यावं म्हणून १९७१ पासून सरकारी नियमच करावा लागला: वाजवल्या जाणाऱ्या गाण्यांपैकी तेव्हा किमान ३० टक्के कॅनडाची असावी लागत. मग कॅनडाचं गाणं कोणतं, हे ठरवायला संगीत कुणाचं, शब्द कुणाचे, गायक कुठला, ध्वनिमुद्रण कुठे झालं, अशी मोजणी आली. या मोजणीत १९९१ मध्ये ब्रायन ॲडम्ससारखा जगप्रसिद्ध कॅनेडियनही पुरेसा कॅनेडियन ठरला नाही, कारण त्याच्या गाण्यांचा सहलेखक परदेशी होता. नियमाने छोट्या बँडना ऐकणारे मिळवून दिले हे खरं. पण त्यातून एक विचित्र मनोवृत्तीही तयार झाली. घरचा कलावंत सरकारी कोट्यातून वाजतो, म्हणून त्याच्याकडे जरा संशयाने बघायचं, आणि तो अमेरिकेत गाजला की आपल्याला सोडून गेला म्हणून पुन्हा संशयाने बघायचं.

या बँडचं पहिलं गाजलेलं गाणं 'सुपरमॅन्स साँग', १९९१ च्या 'द घोस्ट्स दॅट हाँट मी' या पहिल्या संग्रहातलं. सुपरमॅन मेला आहे, आणि गाणारा त्याची टारझनशी तुलना करत त्याला निरोप देतो आहे. टारझन जंगलात मोकळा राहिला. सुपरमॅनने मात्र शहरात राहून, कपडे बदलत, कामावर जात लोकांना वाचवलं. एवढी ताकद असून त्याने एकही बँक फोडली नाही, वाचवण्याचे पैसे घेतले नाहीत. चित्रफितीत म्हातारे झालेले इतर महानायक त्याच्या अंत्यविधीला जमतात. कॉमिक्सच्या प्रकाशकांनी सुपरमॅनला मारल्याची मोठी बातमी केली ती त्यानंतर, १९९२ च्या अखेरीस. विनिपेगच्या या पोरांनी त्याला आधीच, कसलाही गाजावाजा न करता, पोचवला होता.

या गाण्याचा कॅनडाशी असलेला धागा मला फार मोलाचा वाटतो. सुपरमॅन हे सगळं जग अमेरिकेचं प्रतीक मानतं, पण तो कागदावर काढणारा जो शुस्टर टोरांटोत जन्मलेला. त्याने आणि जेरी सीगल या त्याच्या मित्राने १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना विकले. पुढे त्या एका पात्रावर इतरांनी कमावलेल्या पैशाला अंत राहिला नाही आणि हे दोघे कोर्टकचेऱ्यांत म्हातारे झाले. काहीही न कमावता जगाला वाचवणाऱ्या नायकाचं गाणं करणाऱ्या बँडला हा इतिहास ठाऊक असो वा नसो, यश एकाचं आणि कमाई दुसऱ्याची, ही रीत त्या गाण्याच्या पोटात आहे.

या गाण्याने बँडला कॅनडात घरोघरी नेलं. १९९२ मध्ये जूनो पुरस्कारांत ते वर्षातला उत्कृष्ट बँड ठरले. मग आला दुसरा संग्रह, 'गॉड शफल्ड हिज फीट'. निर्मितीला 'टॉकिंग हेड्स'चा जेरी हॅरिसन. मुखपृष्ठावर टिशियनचं 'बॅकस आणि आरिॲडनी' हे चित्र, त्यातल्या देवदेवतांच्या धडांवर बँडमधल्यांचे चेहरे चिकटवलेले. हसावं की गंभीर व्हावं हे न कळणारी ही वृत्ती त्या संग्रहात सगळीकडे आहे. शीर्षकगीतात सृष्टी घडवून दमलेला देव माणसांना बोलावतो, खायला-प्यायला देतो, आणि माणसं त्याला प्रश्न विचारू लागतात. स्वर्गातही जेवावं लागतं का, केस कापावे लागतात का, अशा थाटाचे. देव उत्तरादाखल एक गोष्ट सांगतो. माणसं विचारात पडतात: ही बोधकथा होती की विनोद? आणि देव अवघडून पाय हलवत उभा राहतो. 'आफ्टरनून्स अँड कॉफीस्पून्स' या गाण्यात म्हातारपणाची, दवाखान्याची भीती आहे आणि तिला एलियटच्या प्रुफ्रॉकची सावली आहे. एलियट आपल्याकडे मर्ढेकरांच्या वाटेने कधीच घरचा झाला आहे. त्यामुळे पॉप गाण्यात तो भेटला तेव्हा ओळखीचं माणूस परगावी भेटावं तसं वाटलं.

या संग्रहातल्या त्या गुणगुणणाऱ्या गाण्याने मग जे केलं ते कुणाच्या हिशेबात नव्हतं. अमेरिकेत चौथा क्रमांक, ब्रिटनमध्ये दुसरा, जर्मनी आणि ऑस्ट्रेलियात पहिला. आणि कॅनडात? तिथे ते चौदाव्या क्रमांकावर थांबलं. जगाने डोक्यावर घेतलं तेव्हा घरच्यांनी त्याला तेरा गाण्यांच्या मागे उभं केलं. १९९५ च्या ग्रॅमी पुरस्कारांत तीन नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. नवोदितांचा शेरिल क्रोला गेला, पॉप गटांचा 'ऑल-फोर-वन'ला, पर्यायी संगीताचा 'ग्रीन डे'ला. जागतिक कीर्तीचा तो वर्ष-दीड वर्षाचा काळ तिथेच संपला असं ढोबळमानाने म्हणता येईल.

गाण्याची चित्रफीतही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शाळेतली मुलं रंगमंचावर या तिघांच्या गोष्टी छोट्या छोट्या नाटुकल्यांसारख्या करून दाखवतात आणि समोर मोठी माणसं बसून बघतात. दुःख मुलांचं, ते सादर करणारीही मुलंच, आणि प्रेक्षक पालक.

माझ्या शाळेत एक मुलगी होती. तिच्या हातांवर, मानेवर कोड होतं. ती पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून यायची, ऐन मे महिन्यातल्या शिबिरालासुद्धा. तिला कुणी घालून पाडून बोललं असं मला आठवत नाही. पण डबा खाताना तिच्या शेजारची जागा हळूच मोकळी राहायची, आणि त्याबद्दल आम्ही कुणी एकमेकांशीही बोललो नाही. बाईंना दिसत नसेल असं नाही; त्याही बोलल्या नाहीत. आपण शांत राहिलो म्हणजे आपण सभ्य, असा काहीसा समज होता. गाण्यातलं ते मिटल्या ओठांचं गुणगुणणं ऐकताना मला पहिल्यांदा जाणवलं की शब्द न बोलण्याच्या दोन जाती असतात. एका शांततेत आपण त्या माणसाशेजारची जागा मोकळी ठेवतो. दुसरीत बोलण्यासारखं काही नाही हे कबूल करून तिथेच बसून राहतो. रॉबर्ट्सचं गुणगुणणं या दुसऱ्या जातीचं आहे. तो मुलांची कीव करत नाही, त्यांना धीर देत नाही, समाजाला शिकवत नाही. तो नुसता तिथे थांबतो.

जगाला मात्र थांबवेना. आधी त्या आवाजाची नक्कल सुरू झाली. पॉपमधल्या पुरुषांचे आवाज बहुतेक वरच्या पट्टीत फिरतात. तिथे खर्जात गाणारा माणूस आला की आधी कुतूहल वाटतं, मग करमणूक, मग चेष्टा. ज्या आवाजाने बँड ओळखला गेला, त्याच आवाजाने त्याला एका चौकटीत बसवलं. विडंबनकार 'विअर्ड अल' यान्कोविकने १९९४ मध्ये या चालीवर 'हेडलाइन न्यूज' नावाचं गाणं केलं. तिन्ही मुलांच्या जागी त्याने त्या वर्षातल्या बातम्यांमधली माणसं बसवली: सिंगापुरात फटक्यांची शिक्षा झालेला अमेरिकन पोरगा, प्रतिस्पर्ध्यावरच्या हल्ल्याच्या भानगडीत सापडलेली स्केटिंगपटू, बायकोने लिंग कापलेला नवरा. विडंबन हुशार आहे. त्याने मूळ गाण्याचा सांगाडा अचूक ओळखला होता: एकाहून एक वाईट अवस्थेतली माणसं, आणि बघणारे आपण. फरक एवढाच की मूळ गाणं बघणाऱ्यालाही अवघडायला लावतं आणि विडंबनात तो निवांत हसतो.

पुढे इंग्रजी मासिकांतून आणि वाहिन्यांवरून 'आजवरची सर्वात वाईट गाणी' अशा याद्या निघू लागल्या आणि त्यांत हे गाणं हमखास येऊ लागलं. त्याबरोबरच 'एकाच गाण्यापुरते' हा शिक्का बसला. या याद्या मी पुष्कळ वाचल्या आहेत आणि त्या वाचताना मिळणारा आनंद काय जातीचा आहे हेही मला ठाऊक आहे. आपण कधीच कुठल्या यादीत नव्हतो. पण जो चौथ्या क्रमांकावर गेला होता तो आता कुठे आहे बघा, हे वाचून बरं वाटतं. गाण्यातल्या पहिल्या दोन मुलांना तिसऱ्याकडे बघून वाटतं तस्सं. विसरलेल्या गायकांवर हसणाऱ्या कार्यक्रमांचा सगळा व्यवहार या बरं वाटण्यावर चालतो. गंमत अशी की तो व्यवहार उघडा पाडणारं गाणं त्यांच्याच यादीत बसलेलं आहे.

मग पुढे त्या पाच जणांचं काय झालं? काही विशेष झालं नाही. ते काम करत राहिले. १९९६ मध्ये 'अ वर्म्स लाइफ' आला, आधीच्या मानाने फारच कमी ऐकला गेला. १९९९ च्या 'गिव्ह युअरसेल्फ अ हँड'मध्ये रॉबर्ट्सने आपला प्रसिद्ध खर्ज सोडून बारीक, चढा आवाज लावून पाहिला, संगीत यंत्रांच्या तालावर नेलं आणि काही गाणी एलन रीडकडे दिली. ज्यामुळे लोक ओळखतात ते टाकून दिलं तर आपल्यात काय उरतं, हे तपासून बघण्याची ती खटपट होती. बाजाराच्या दृष्टीने वेडेपणा. मला त्यात हिंमत दिसते.

२००० मध्ये कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कॉशियात रॉबर्ट्सच्या गाडीला भीषण अपघात झाला. गाडी जळून गेली. तो बाहेर पडू शकला म्हणून वाचला. बँडचं नाव आणि पहिल्या मुलाची गोष्ट आठवून पत्रकारांनी काय काय लिहिलं असेल याची कल्पना करता येते. त्याने स्वतः मात्र या योगायोगाचं भांडवल केलं नाही. बरा होत असताना त्याच किनाऱ्यावरच्या स्थानिक वाजवणाऱ्यांशी गाठ पडली. त्यांतले काही लॉब्स्टर पकडणारे कोळी. त्यांच्याबरोबर बसून त्याने गाणी केली आणि २००१ मध्ये 'आय डोन्ट केअर दॅट यू डोन्ट माइंड' हा संग्रह आला. मोठ्या कंपनीच्या छताखालून निघून आता तो स्वतःच्या छोट्या लेबलखाली काढत होता. त्याच सुमाराला एलन रीडने 'सिंडरेलन' नावाचा स्वतःचा संग्रह काढला. डार्विल लंडनला गेला आणि 'सन ऑफ डेव्ह' या नावाने माउथ ऑर्गन आणि तोंडाने दिलेला ताल एवढ्यावर एकट्याने ब्लूज वाजवत युरोपभर फिरू लागला. रॉबर्ट्सने पुढे संस्कृत मंत्रांचाही एक संग्रह केला. त्या खर्जाला आपल्या मंत्रपठणात जागा सापडावी याचं आपल्याला तरी नवल वाटू नये. तिथे खोल आवाजाला कुणी हसत नाही. २०१८ मध्ये 'गॉड शफल्ड हिज फीट'ला २५ वर्षं झाल्याच्या निमित्ताने जुनी मंडळी पुन्हा एकत्र आली आणि दौऱ्यावर निघाली.

या सगळ्याला 'अल्पकाळाचं यश' म्हणतात. अल्पकाळ काय होतं, ते जरा नीट बघायला हवं. तीस वर्षांहून जास्त काळ माणसं गात-वाजवत आहेत. त्यांतली वर्ष-दीड वर्षं जग त्यांच्याकडे बघत होतं. मुदत संपली ती जगाच्या बघण्याची. आपण मात्र आपल्या बघण्याची लांबी मोजतो आणि ती त्यांच्या आयुष्याची लांबी म्हणून लिहितो. संगीताच्या कंपन्यांना असं मोजावं लागतं, कारण त्यांना पुढच्या माणसावर पैसे लावायचे असतात. आपल्या खिशातून तर एका कॅसेटचे पैसे गेलेले असतात. आपण कंपनीच्या मुनीमासारखा हिशेब का ठेवावा?

प्रसिद्धी ओसरल्याचं त्यांना काहीच वाटलं नसेल, असं मला म्हणायचं नाही. एका वर्षी लाखो लोक चाल गुणगुणतात आणि तीन वर्षांनी अर्धं रिकामं सभागृह समोर असतं, हे सोपं कसं असेल. पण ते दुःख अपघाताचं आहे, म्हणजे गाण्यातल्या पहिल्या मुलाचं. वेगळा आवाज घेऊन जन्मणं हे दुसऱ्या मुलीचं. तिसऱ्याचं दुःख त्यांनी स्वतःला होऊ दिलं नाही. आपल्या माणसांनी आखून दिलेल्या चौकटीत, तोच एक खर्ज, तेच एक गुणगुणणं, जन्मभर फिरत राहायचं त्यांनी नाकारलं. त्याची किंमत त्यांनी मोजली आणि ती मोजण्यासारखी होती, असं माझं मत आहे.

तेव्हा एक विनंती. कुठल्याशा यादीत हे गाणं दिसलं तर ते वाचून पुढे जाऊ नका. १९९३ चा तो संग्रह पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत एका बैठकीत ऐका. मग १९९१ चं 'सुपरमॅन्स साँग' ऐका, आणि जमलं तर कोळ्यांबरोबर केलेला २००१ चा संग्रहही. आवडला नाही तर खुशाल नावं ठेवा. पण या पाच जणांकडे बघून बरं वाटून घेऊ नका. त्यांचं काही वाईट झालेलं नाही.